२०१९, २०२१ की २०२२? चिरेखाणीत चालवायला कुठल्या सालची एक्सपल्स घ्यावी

वाचकाचं पत्र

दादा, मी राजापूर तालुक्यातला. वय २४, उंची पाच फूट पाच इंच. घरची हापूसची कलमं आहेत आणि कलमांच्या वरच्या अंगाला आमचीच एक बंद पडलेली चिरेखाण आहे. मोबाईलवर ट्रायल्सच्या स्पर्धा बघून वेड लागलंय. पाय न टेकता दगडधोंड्यांवरून गाडी नेतात ना, ते मला शिकायचं आहे. दुबईतला मामेभाऊ म्हणतो, तिकडे जुनी ट्रायल्स गाडी मिळाली तर पाठवतो. घरचे म्हणतात, जी घेशील ती कलमांत आणि बाजारातही चालली पाहिजे. म्हणून जुनी हिरो एक्सपल्स २०० बघतोय. तीन गाड्या हेरल्यात. रत्नागिरीत समुद्राजवळ राहणाऱ्या एकाची २०१९ ची कार्ब्युरेटरवाली, ६८ हजार. कोल्हापुरात २०२१ ची, ८८ हजार. तारकर्लीत एका होमस्टेवाल्याची २०२२ ची फोर व्हॉल्व्ह, १ लाख १५ हजार. ती तो पाहुण्यांना फिरायला देतो. माझं बजेट सव्वा लाख, सगळं धरून. कुठल्या सालची घेऊ?

उत्तर

आधी दुबईचा विषय बाजूला करू. तो मनात घोळत राहिला तर या तिन्ही गाड्या तुम्हाला फिक्याच वाटतील.

तुम्ही बघता त्या गाड्या माँटेसा, गॅसगॅस, बेटा, शेर्को अशा मोजक्या युरोपीय कंपन्यांच्या असतात. वजन सत्तर किलोच्या आसपास, सीट नावालाच, टाकी दोन-तीन लिटरची. पाय एकदा टेकला की एक गुण दंड, अडथळ्यात अडकलात की पाच, आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकला, असा तो खेळ. २००७ पासून सलग जगज्जेतेपद घेत आलेला टोनी बोऊ माँटेसावरच उभा असतो. या गाड्या तेवढ्या एकाच कामासाठी बनतात. आपल्याकडच्या रस्त्यासाठी त्यांना मान्यता नाही, त्यामुळे आरटीओत नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि विमा नाही म्हणजे घरापासून खाणीपर्यंतचा डांबरी तुकडासुद्धा तुम्हाला चालवत ओलांडता येणार नाही. क्लचची एक लिव्हर मोडली तर ती परदेशातून यायची वाट बघा. वर कस्टम्सचं झंझट. मामेभावाची माया खरी, पण त्याला नाही म्हणून कळवा.

मात्र या खऱ्या ट्रायल्सवाल्यांकडून एक गोष्ट जरूर घ्या. ते जुनी गाडी घेताना नुसतं साल बघत नाहीत, पिढी बघतात. माँटेसाची कोटा ३१५ आर ही टू-स्ट्रोक गाडी १९९७ पासून २००४ पर्यंत चालली. २००५ ला तिच्या जागी कोटा ४आरटी आली, ती फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनची आणि तरीही बॅटरी नसलेली. म्हणजे २००४ आणि २००५ यांच्यात फरक एका वर्षाचा, पण गाड्या पूर्ण वेगळ्या. उलट २००६ आणि २००८ यांच्यात तुम्हाला सांगून कळेल इतकाच फरक. साल महत्त्वाचं असतं ते जिथे कंपनीने काहीतरी बदललं तिथे. मधल्या वर्षांत गाडी कुणी, कुठे आणि कशी वापरली याला जास्त वजन.

आपल्या किनाऱ्यावर याला आणखी एक जोड द्यावी लागते. साल म्हणजे त्या गाडीने किती पावसाळे काढले, किती खारं वारं खाल्लं आणि पुराच्या वेळी ती कुठे उभी होती, हेही. तुमच्या तिन्ही गाड्या याच दोन चाळण्यांतून काढू.

पहिली चाळणी कंपनीच्या बदलांची. एक्सपल्स २०० बाजारात आली मे २०१९ मध्ये. तेव्हा दोन प्रकार होते, कार्ब्युरेटरचा ९७ हजारांना आणि फ्युएल इंजेक्शनचा १ लाख ५ हजारांना, दोन्ही दिल्लीच्या एक्स-शोरूम किमती. इंजिन १९९.६ सीसीचं, दोन व्हॉल्व्हचं, नुसत्या हवेवर थंड होणारं. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची, जमिनीपासून उंची २२० मिलिमीटर, वजन १५४ किलो. बीएस-४ म्हणजे जुन्या प्रदूषण नियमांच्या गाड्यांची विक्री ३१ मार्च २०२० ला थांबली आणि त्याच वर्षी पावसाळ्यात बीएस-६ एक्सपल्स आली. कार्ब्युरेटर गेला, फक्त इंजेक्शन राहिलं. ताकद १८.४ पीएसवरून १८.१ वर उतरली, पण इंजिनाला ऑइल कूलर मिळाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये चार व्हॉल्व्हचं इंजिन आलं, १९.१ पीएसचं, कूलिंग सुधारलेलं. आणि मे २०२३ मध्ये मोठा बदल झाला: एबीएसचे (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) तीन मोड, रोड, ऑफ-रोड आणि रॅली, पाय ठेवायचे फूटपेग ३५ मिलिमीटर खाली आणि थोडे मागे, इंजिन २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी तयार. २०२५ च्या जानेवारीत आलेली एक्सपल्स २१० ही पाण्यावर थंड होणारी, सर्वस्वी वेगळी गाडी. ती तुमच्या बजेटबाहेर आहे म्हणून सोडून देऊ.

यातलं तुमच्या कामाचं काय? लोक पीएस मोजत बसतात. तुम्ही खाणीत ताशी पाच-सात किलोमीटरने गाडी चालवणार, अर्धा क्लच दाबून, पहिल्या गिअरमध्ये, मार्च-एप्रिलच्या उन्हात, तापलेल्या कातळावर. तिथे एक-दीड पीएस कमी की जास्त हे कुणालाही कळत नाही. कळते ती उष्णता. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा लागतो, आणि चालत्या माणसाच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला वारा मिळत नाही. अशा वेळी नुसत्या बाहेरच्या फिन्सवर, म्हणजे पात्यांवर, निवणाऱ्या इंजिनाचं तेल लवकर तापतं, पातळ होतं आणि त्याच तेलात भिजलेला क्लचही त्याची झळ सोसतो. ऑइल कूलरलाही वारा लागतोच, पण त्याने तेलाला उष्णता टाकायला जास्तीची जागा मिळते आणि दोन मिनिटं मोकळं पळवलं की तेल लवकर निवतं. म्हणून तुमच्यासाठी रेषा २०१९ आणि २०२० यांच्यामध्ये पडते. २०२१ आणि २०२२ यांच्यातली रेषा त्यामानाने फिकट आहे. घरापासून रत्नागिरीपर्यंत महामार्गाने रोज जाऊन-येऊन करायचं असतं तर मी फोर व्हॉल्व्हच घ्या म्हटलं असतं, कारण तिथे ते इंजिन मोकळं पळतं. पण तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.

कार्ब्युरेटरची बाजूही ऐकून घ्या, कारण गावातला मेकॅनिक तुम्हाला तीच घ्यायला सांगणार. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. कार्ब्युरेटर उघडून साफ करता येतो, सेन्सर नाहीत, लॅपटॉप नको, कुठेही अडली तरी चालू करून घरी आणता येते. पण आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत किती ओल असते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, कपाटातल्या कपड्यांनासुद्धा बुरशी येते. गाडी पंधरा दिवस पडवीत उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीत पाणीमिश्रित पेट्रोल साचतं, जेट चिकटतात आणि ऐन भातलावणीच्या गडबडीत गाडी सुरू होत नाही. २०१९ च्या गाडीचे रबरी भागही या पेट्रोलचा विचार करून बनलेले नाहीत. शिवाय ९७ हजारांची गाडी इतके पावसाळे काढून ६८ हजारांना, तीही समुद्राजवळची. हा भाव मला पटत नाही.

आता दुसरी चाळणी. तारकर्लीची गाडी सालाने सर्वांत नवी, पण मला त्या तिघींत तीच सर्वांत म्हातारी वाटते. खारा वारा रात्रंदिवस लागतो. होमस्टेचे पाहुणे ती गाडी घेऊन कुठे जात असतील? किनाऱ्यावर, ओल्या वाळूत, लाटांच्या कडेने. परत आणून तशीच लावून देत असतील. समुद्राचं पाणी उडालेली गाडी त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतली नाही तर मीठ आत सांध्यांत बसतं, आणि एकदा बसलं की पुढे उन्हाळ्यातल्या ओलसर हवेतही ते काम करत राहतं. आणखी एक, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं कायद्यात बसत नाही. त्या काळात अपघात झालेला असेल तर तो विम्याच्या कागदावर दिसणार नाही, कारण कुणी तो कळवलेलाच नसेल. तिच्या मालकाशी भांडायला जाऊ नका, फक्त ती घेऊ नका.

राहिली कोल्हापूरची. माझं मन तिच्याकडे आहे. घाटावरची गाडी खाऱ्या वाऱ्यापासून लांब राहिलेली, बीएस-६, ऑइल कूलरवाली, आणि ८८ हजारांत तुमच्या हातात ३७ हजार शिल्लक राहतात. पण तिच्यावर एक मोठं प्रश्नचिन्ह आहे आणि ते सालातच दडलंय. जुलै २०२१ मध्ये कोल्हापुरात पंचगंगेचा पूर आला. त्याच दिवसांत, २२ जुलैला, आपलं चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडालं. गाड्याच्या गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि त्यातल्या कित्येक धुऊन-पुसून पुढे बाजारात आल्या असणार. २०२१ ची कुठलीही गाडी, मग ती कोल्हापूरची असो, सांगलीची, चिपळूणची, खेडची की महाडची, घेताना पहिला प्रश्न हाच: ही जुलैच्या आधी घेतली की नंतर, आणि आधी घेतली असेल तर त्या आठवड्यात ती कुठे उभी होती?

तोंडी उत्तरावर थांबू नका. आरसीवर गाडी कुठल्या महिन्यात बनली ते छापलेलं असतं, आणि नोंदणीची तारीखही. दोन्ही बघा. २०१९ ला बनलेली आणि २०२० ला नोंदलेली गाडी ‘२०२० मॉडेल’ म्हणून विकतात, ती असते जुन्याच पिढीतली. चासी नंबरातलं दहावं अक्षर सालाचं असतं: के म्हणजे २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३. फ्रेमच्या मानेवर कोरलेला नंबर मोबाईलच्या टॉर्चच्या उजेडात स्वतः वाचा आणि आरसीशी ताडून बघा. विम्याची २०२२ ची पॉलिसी मागा. ती पूर्ण विम्याची असेल आणि तिच्यात नो क्लेम बोनस मिळालेला असेल तर पुराचा दावा झालेला नाही, एवढं तरी कळतं.

मग गाडीच सांगेल. सीट काढा. बॅटरीच्या कप्प्याच्या तळाच्या कोपऱ्यात बोट फिरवा. तिकडची रस्त्यावरची धूळ कोरडी आणि खरखरीत लागते. पुराचा गाळ वेगळा असतो, काळसर, मैद्याइतका बारीक, कोपऱ्यात वाळून पापुद्रा धरलेला. सर्व्हिसिंगमध्ये गाडी वरून धुतली जाते, पण वायरिंगच्या जोडांच्या आत, हेडलाइटच्या काचेच्या आतल्या खालच्या कडेला आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या बुडाशी हा गाळ राहतोच. एक-दोन वायरींचे जोड हलक्या हाताने सोडवून आतल्या तांब्याच्या पट्ट्या बघा. पिवळ्या-लालसर असतील तर ठीक, हिरवट चिकटा धरलेला असेल तर पाणी आत गेलेलं आहे. इंजेक्शनच्या गाडीत ही गोष्ट जिवावरची, कारण पुढे दोन वर्षांनी कधी बंद पडेल आणि का पडली हे कुणालाच शोधता येणार नाही. हिरवट दिसलं तर चहा पिऊन मालकाचे आभार माना आणि परत या. भाव पाडून घेण्याचा विचारसुद्धा करू नका.

पुराच्या परीक्षेत उतरली तर बाकीचं नेहमीचं. इंजिन थंड असताना सुरू करायचं, तुम्ही जाण्याआधी मालकाने गरम करून ठेवलेलं असेल तर तासभर थांबा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. मध्यावर येताना ‘टक’ करून अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेला. तो बदलता येतो, पण त्याचे पैसे भावातून वळते करा. चाकांच्या तारा पान्याच्या टोकाने एकेक वाजवा. घट्ट तार खणखणते, ढिली बद्द वाजते. तारेचं टोक जिथे रिममध्ये जातं तिथे गंजाचा फुगवटा असेल तर ती तार पुढे कधीतरी खड्ड्यात तुटणार. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा. नख कुठे अडकलं तर तिथे गंजाचा खड्डा आहे आणि तो ऑइल सील कापतो. शेवटी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस द्या. आवाज वाढतो आणि गाडी वाढत नाही, तर क्लच प्लेटा संपल्या. तुमच्या कामात क्लचच सर्वांत जास्त खपणार आहे, म्हणून नव्या प्लेटांचा खर्च मी पहिल्याच दिवसापासून धरायला सांगेन.

नावाकडेही लक्ष ठेवा. जाहिरातीत ‘एक्सपल्स २००’ लिहितात आणि गाडी निघते २०० टी. ती रस्त्यावरची टूरर, दोन्ही चाकं १७ इंची, जमिनीपासून उंची कमी. तुमच्या उपयोगाची नाही. आणि कुणी स्वस्तात रॅली सस्पेन्शनची गाडी दाखवली तर मोहात पडू नका. पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटरचा सस्पेन्शनचा तो वर-खाली प्रवास उड्या मारत वेगाने जाणाऱ्यांसाठी आहे. तिची सीट जमिनीपासून पावणेनऊशे मिलिमीटरच्या वर जाते. पाच फूट पाच इंचाच्या माणसाने जांभ्याच्या उतारावर पाय टेकायला जावं आणि जमीन सापडू नये, असा प्रसंग मला तुमच्यावर यायला नको आहे. साध्या एक्सपल्सची सीट ८२३ मिलिमीटरची, तीही तुम्हाला सुरुवातीला उंचच वाटेल. हिरोची जुनी इम्पल्सही कुणी सुचवेल. ती १३४ किलोची, म्हणजे हलकी आणि गोड गाडी होती, पण बंद होऊन बराच काळ लोटला. सुट्या भागांसाठी वणवण करण्याची तयारी असेल तरच.

कोल्हापूरची नापास झाली तर घाई करू नका. सप्टेंबर २०२० ते सप्टेंबर २०२१ या काळातली दुसरी बीएस-६ शोधा, शक्यतो घाटावरची: सांगली, कराड, निपाणी, गडहिंग्लज. आंबा घाटातून किंवा अणुस्कुऱ्यातून जाऊन एका दिवसात दोन-तीन बघून होतात. फोर व्हॉल्व्ह चांगल्या अवस्थेत आणि लाखाच्या आत मिळाली तर तीही घ्या. आणि वर्षभर थांबून आणखी पैसे जमवता आले तर मी तुम्हाला २०२३ नंतरचीच घ्यायला सांगेन. कारण ताकद नाही, फूटपेग आणि एबीएस. ट्रायल्सचं सगळं चालवणं उभ्याने असतं. पेग खाली गेले की गुडघ्यांना वाकायला जागा मिळते, हँडल योग्य उंचीवर येतं आणि कंबर दुखत नाही. एबीएसचं असं: आधीच्या सगळ्या गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला आहे आणि बंद होत नाही. सुट्या कपचीच्या तीव्र उतारावर पुढचा ब्रेक लावला की ते चाक घसरतंय असं समजून ब्रेक सोडतं, आणि गाडी जिथे थांबायला हवी तिथे पुढे सरकते. रॅली मोडमध्ये ते बंद करता येतं. जुन्या गाडीत काहीजण फ्यूज काढून ठेवतात. तुम्ही ते करू नका, कारण तीच गाडी तुम्ही बाजारात नेणार, पावसात, कुणाला तरी मागे बसवून. त्यापेक्षा तसे उतार पहिल्या गिअरच्या इंजिन ब्रेकवर आणि मागच्या ब्रेकवर उतरायला शिका. मागच्या चाकाला एबीएस नाही, हे तिथे तुमच्या पथ्यावर पडतं.

या गाडीकडून काय मागायचं नाही तेही आधीच ठरवा. १५७ किलोच्या बीएस-६ गाडीने दगडी गडग्यावर उडी मारून चढता येत नाही, मागच्या चाकावर उभं राहून जागच्या जागी वळता येत नाही. ते व्हिडिओ सत्तर किलोच्या गाडीवरचे आहेत. ट्रायल्सच्या मागच्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय हवा असते, म्हणून तो दगडाला मिठी मारतो. एक्सपल्सला ट्यूब आहे. हवा तितकी उतरवलीत तर ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चिमटून फाटेल. थोडीशी उतरवा आणि घरी येऊन परत भरा. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, दोन-तीन दात्यांनी मोठं टाका. हा बदल स्वस्त आहे आणि मंद चालवण्यात जमीन-अस्मानाचा फरक पाडतो. मग खाणीत चिरे मांडून त्यांच्यामधून पाय न टेकता आठचा आकडा काढायचा, पहिल्या गिअरमध्ये, दोन बोटं क्लचवर ठेवून. तोल, क्लच आणि नजर या तीन गोष्टी जड गाडीवर बसल्या की त्या पक्क्या बसतात. उद्या परदेशात गेलात आणि तिथे खरी ट्रायल्स गाडी हातात आली तर हे सगळं तुमच्याबरोबर असेल.

जागेबद्दल मात्र मला मनापासून काही सांगायचं आहे. तुम्ही खाण निवडलीत ते फार चांगलं केलंत, तिथेच राहा. वरच्या मोकळ्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गाडी घालू नका. तुमच्याच तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, कशेळी, रुंढे तळी इथे कातळशिल्पं आहेत, आणि कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. ती खोदलेली आहेत उघड्या जांभ्यात, उथळ रेषांनी, आणि कित्येक ठिकाणी त्यांच्याभोवती कुंपण नाही की पाटी नाही. उन्हात, गवत वाळलेलं असताना, ती चालत्या माणसालाही चटकन दिसत नाहीत. गाडीवरच्याला तर नाहीच. दातेरी टायर एकदा तिथे फिरला की त्या रेषेची कड उडते आणि ती परत येत नाही. पाऊस सरताना त्याच सड्यावर बोटभर मातीत सीतेची आसवं फुलतात, तीही चाकाखाली जातात. समुद्रकिनाराही नकोच. वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्या-उन्हाळ्यात कासवं अंडी घालतात, आणि वाळूखालचं घरटं वरून कुणालाच दिसत नाही. शिवाय खाऱ्या पाण्याचं वर लिहिलंच आहे.

खाणीतही दोन गोष्टी पाळा. सुकलेला जांभा टायरला खवणीसारखा धरतो, पण पहिल्या पावसानंतर त्यावर शेवाळ धरलं की त्याच दगडावर चपलेनेसुद्धा उभं राहता येत नाही. मिरगापासून दसऱ्यापर्यंत सराव बंद ठेवा, किंवा मातीच्या पाणंदीत करा. खाणीच्या कापलेल्या भिंती सरळ खाली जातात आणि तळाशी पाणी साचलेलं असतं. कडेपासून लांब आखणी करा आणि एकटे कधीही जाऊ नका. हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आणि गुडघ्याचे गार्ड यांचे पैसे त्या ३७ हजारांतून आधी बाजूला काढा, चेन-स्प्रॉकेट, क्लच आणि टायर त्यानंतर.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय व्यवहार करू नका. हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही तुमच्यासमोर झाली पाहिजे. चलन थकलेलं आहे का ते गाडी नंबरावरून तपासा. गाडी एमएच-०९ ची असेल, तुम्ही एमएच-०८ च्या हद्दीत राहता, तर हस्तांतराचा अर्ज कुठे आणि कसा करायचा ते आधी रत्नागिरी आरटीओत विचारून मगच कोल्हापूरला जा. नाव बदलेपर्यंत थोडी रक्कम मागे ठेवायची बोली करून घ्या, आणि विमाही तुमच्या नावावर झाला की मगच गाडी खाणीत न्या.